चुनकळी विझवायची कशी आणि मग वापरायची कुठं

करवीर तालुक्यातल्या आमच्या भावकीच्या गुऱ्हाळावर मी सव्वीस हंगाम गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, आहे, माझ्याआधी वडील होते. नवी पोरं विचारतात, रसात चुना किती घालायचा? तो विझवायचा कसा, हे कोणी विचारत नाही.

चुनकळी म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडीचा दगड. ९०० अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि १०० किलो शुद्ध दगडाची ५६ किलो कळी उरते. चांगली कळी घट्ट खड्यांची आणि वजनाला हलकी असते. पोत्यात नुसता भुगा दिसला तर तिनं हवेतली ओल खाल्लेली असते. ती घेऊ नका.

विझवायला लोखंडी घमेलं घ्या, प्लॅस्टिकची बादली उष्णतेनं वितळते. आधी भरपूर पाणी, मग एकेक खडा. कळीवर वरून पाणी कधीच ओतू नका, ती उसळून फुटते. माझ्या चुलतभावाच्या डोळ्यात असाच शिंतोडा गेला. आम्ही पाण्याची धार धरली, दवाखान्यात नेलं, तरी त्या डोळ्यानं त्याला आजही धूसर दिसतं. चष्मा लावा, लहान पोरांना लांब ठेवा. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी ढवळून फडक्यातून गाळा. वर चार बोटं पाणी राहिलं तर हा चुना महिनोन्‌महिने टिकतो. उघडा पडला की हवेतला वायू घेऊन परत दगड व्हायला लागतो.

आता काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई. ताजा रस थोडा आंबट असतो. तसाच उकळला तर साखर फुटते आणि गूळ चिकट होतो, रवा धरत नाही, म्हणजे दाणेदार होत नाही. चुन्यानं आंबटपणा मरतो, भेंडीच्या चिकाबरोबर रसातला मळ, म्हणजे मळी, वर येते. सामू (पीएच) ६ ते ६.४ च्या दरम्यान आला की थांबा. कागदी पट्टीनं बघा, वडिलांसारखा नुसता डोळ्याचा अंदाज नको. चुना जास्त झाला की गूळ काळपट पडतो, आणि शाहू मार्केट यार्डात सौद्याला आधी रंगच बघतात. साखर कारखान्यातही रसाला चुनाच लागतो, फक्त तिथं सोबत गंधकाचा वायू सोडतात.

बागेसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, करायचं तर १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळी विझवून दुसऱ्या ५० लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपात. कळी गार झाल्यावरच दोन्ही एकत्र करा. त्यात घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. मिश्रण त्याच दिवशी फवारून संपवा.

जुने गवंडी चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चरात, चुना मळताना गुळाचं पाणी घालत. आमच्या आजोबांच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, तशाच चुन्याचा आहे. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या त्याला सिमेंटचा गिलावा करायला निघाला होता. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आतच कोंडतं आणि पापुद्रे सुटतात, हे त्याला सोप्यात उभं करून दाखवलं आणि विझवलेल्या चुन्याचे दोन डबे भरून दिले.