काम सोपवलं, तरी सारखा फोन येतोय? खरेदी केंद्रावरच्या या चुका टाळा

सोयाबीनचा हंगाम भरात आला की लातूर, औसा, अहमदपूर भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या केंद्रांवर एक चित्र हमखास दिसतं. गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली, काट्यावरचं पोरगं मोबाईल कानाला लावून उभं आणि मॅनेजरचा फोन बिझी. काम सोपवलेलं असतं, निर्णय मात्र साहेबांच्याच खिशात असतो.

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीनं होतं. ओलावा बघायला माणूस बसवला, मीटर त्याच्या हातात दिलं. हमीभाव खरेदीत एरवी मर्यादा १२ टक्क्यांची. ११ आला तर घ्यायचा, १६ आला तर परत, एवढं त्याला कळतं. पण १२.४ आला तर? ओट्यावर वाळवायला जागा द्यायची का? फेरतपासणी किती वेळा करायची? हे कुणी सांगितलेलंच नसतं. मग तो प्रत्येक मालाला फोन करतो आणि साहेब म्हणतात, ‘याला काही जमतच नाही.’ सोपवतानाच हद्द ठरवून द्या: इथपर्यंत तू ठरव, याच्या पुढं मला विचार. ते कागदावर लिहून काट्याजवळ लावा. निकष बदलले की कागदही बदला. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं १५ टक्के ओलाव्यापर्यंतचा माल घ्यायला मुभा दिली होती. असा बदल व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करून भागत नाही, समोर बसवून समजवावा लागतो. शेतकऱ्याच्या रागाला तोंड त्या पोरालाच द्यावं लागतं.

दुसरी चूक मला जास्त खुपते. पोरानं माल परत केला, शेतकरी ओळखीचा निघाला, तो थेट ऑफिसात आला आणि साहेबांनी आतूनच आवाज दिला, ‘घे रे दादांचा माल!’ दुसऱ्या दिवसापासून काट्यावर कुणी त्याचं ऐकत नाही, सगळे ऑफिसातच येतात. त्याऐवजी ‘दादांसमोर परत एकदा मोजून बघ’ म्हणा आणि निर्णय त्यालाच देऊ द्या. त्याचं चुकलं असेल तर संध्याकाळी बाजूला घेऊन सांगा.

दर अर्ध्या तासाला ‘झालं का?’ विचारणंही बंद करा. दुपारी एकदा आणि केंद्र बंद करताना एकदा हिशेब घेतला तरी पुरतो.

आणि बारदाना (माल भरायची पोती), हमाल, ऑनलाइन नोंदणी असं सगळं एकाच कामसू माणसाच्या गळ्यात घालू नका. तो तापानं पडला की खरेदी ठप्प होते. नोंदणीचं काम हंगामाआधीच आणखी एकाला शिकवून ठेवा. पेमेंटच्या याद्यांवरची शेवटची नजर मात्र स्वतःकडेच ठेवा.