डोळ्याला इजा झाली आणि भरपाई मागायची आहे: तयारी कुठून सुरू करायची

आधी डोळा, मग दावा. चुना, सिमेंट, ॲसिड किंवा एखादं क्लीनर डोळ्यात गेलं असेल तर तिथल्या तिथे नळाखाली पापण्या फाकवून निदान 15 ते 20 मिनिटं पाणी सोडत राहा आणि मगच दवाखान्याकडे निघा. चुना-सिमेंटसारखे अल्कली पदार्थ सहसा ॲसिडपेक्षा खोल उतरतात. डोळा फाटल्याचा किंवा आत काही रुतल्याचा संशय असेल तर मात्र धुवू नका, चोळू नका, रुतलेलं ओढून काढू नका. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकवता वरून चिकटपट्टीने बसवा. लगेच शस्त्रक्रिया लागली तर भूल द्यावी लागते, म्हणून पोटात काही जाऊ देऊ नका. ‘तुम्हीच चोळून वाढवलंत’ हा आरोप पुढे हमखास होतो, तेव्हा प्रथमोपचार काय केले आणि किती वाजता, तेही लिहून ठेवा.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पहिल्या दिवसाचा केस पेपर. त्यावर नुसतं ‘डोळ्याला लागले’ असेल तर तो जवळजवळ वाया गेला. ‘छिन्नीवर हातोडा मारताना लोखंडाची कपची उडाली, गॉगल नव्हता’ असं एक वाक्य डॉक्टरांना सांगा आणि ते लिहिलं गेलंय का ते बघा. त्या वाक्याने दोन कामं होतात. डॉक्टर कपची शोधायला सीटी स्कॅन करतात आणि एमआरआय टाळतात, कारण चुंबकाने लोखंड आतल्या आत सरकू शकतं. आणि इजा कशाने झाली हे इजेच्याच दिवशी कागदावर येतं. अशा कपचीची जखम कधीकधी दिसतही नाही, कुसळ गेल्यासारखं खुपतं आणि नजर 6/6, म्हणजे पूर्ण, भरते. माणूस घरी जातो. आत राहिलेलं लोखंड मात्र गंजत जाऊन पुढे डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) निकामी करू शकतं. म्हणून दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी नोंदवून घ्या, चांगल्या डोळ्याचीसुद्धा. जुने चष्म्याचे नंबरही शोधून काढा. ‘नजर आधीपासूनच कमी होती’ या बोलण्याला त्यांच्याइतकं चोख उत्तर नाही.

तुटलेला गॉगल, उडालेला तुकडा, लेबलासकट बाटली, डाग पडलेला शर्ट, काहीही धुवू नका, दुरुस्त करू नका, परत देऊ नका. गॉगलच्या काडीवर सुरक्षा मानकाचा शिक्का असतो किंवा नसतो. दोन्ही गोष्टी कामाच्या, त्याचा जवळून फोटो घ्या. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवण्याची मागणी लेखी करा. साक्षीदारांची नावं आणि फोन नंबर त्याच आठवड्यात घ्या, नंतर माणसं कामं बदलतात. गॉगल घातला नव्हता तर तसं सरळ सांगा. तो दिलाच नव्हता की देऊनही घातला नाही, हा पुढचा प्रश्न, आणि भरपाईचा आकडा बऱ्याचदा त्याच्यावरच हलतो.

आता घाईबद्दल, कारण लोक इथेच फसतात. जखम भरली म्हणजे डोळ्याचं प्रकरण मिटलं, असं नसतं. मुका मार बसून डोळ्यात रक्त साकळलं असेल तर पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, आणि काचबिंदू कित्येक वर्षांनी उद्भवू शकतो. मोतीबिंदू मागाहून येतो, पडदा नंतर सुटतो. डोळा भेदणाऱ्या जखमेनंतर क्वचित दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही सूज येते. तेव्हा ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ लिहिलेल्या कागदावर, पुढे काय होऊ शकतं याचं डॉक्टरांचं लेखी मत हातात येईपर्यंत, सही करू नका. विम्याच्या माणसाचा फोन आला आणि सौजन्य म्हणून ‘आता बरं आहे’ म्हणालात, तर तेच वाक्य पुढे तुमच्यासमोर ठेवलं जाऊ शकतं. पण थांबायचं म्हणजे मुदत उलटू द्यायची नाही. दावा दाखल करायची शेवटची तारीख कोणती, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

‘दुसरा डोळा आहे ना?’ हे ऐकायची तयारी ठेवा. उत्तर रोजच्या वहीत तयार होतं. एक डोळा गेल्यावर पेल्यात पाणी ओतताना धार काठाबाहेर पडते, जिन्याची शेवटची पायरी चुकते, त्या बाजूने आलेला माणूस अंगावर आल्यावरच कळतो. तारीख घालून दोन-दोन ओळी लिहा. ‘फार त्रास होतो’ यातून कुणाला काही दिसत नाही. औषधांची बिलं, येण्याजाण्याचा खर्च, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी जोडा. कृत्रिम डोळा बसवला असेल तर तो साधारण वर्षाला पॉलिश करावा लागतो आणि 5 वर्षांच्या आसपास बदलावा लागतो. हा हिशेब उरलेल्या आयुष्याचा मांडा, एका डोळ्याच्या किमतीचा नाही.

वकिलाकडे जाताना गठ्ठ्याच्या वर एकच पान ठेवा: घटनेची तारीख-वेळ, प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशीची दोन्ही डोळ्यांची नजर आणि डोळ्याचा दाब. खाली चार-पाच ओळी मोकळ्या सोडा, पुढच्या तपासण्या तिथेच लिहायच्या आहेत.