बाहेरगावी निघालेल्या मुलांच्या हाती आधी कुकर द्या

मुलं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला निघाली की आपण चिवडा, गोडा मसाला, लोणचं भरून देतो. पण निघण्याआधीचे पंधरा दिवस रात्रीचा कुकर त्यांनाच लावू द्या आणि तुम्ही स्वयंपाकघराबाहेर बसा. जड जातं, तरी बसाच.

तूरडाळ अर्धा तास भिजवायची, तिप्पट पाणी, हळद, हिंग आणि थेंबभर तेल, म्हणजे फेस शिट्टीतून उतू येत नाही. झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून शिट्टीची नळी आरपार दिसते का, हे दर वेळी बघायला लावा. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे तर बजावूनच सांगा. एकट्याला तीन लिटरचा कुकर पुरतो. सामानात त्याच मापाची एक जादा रबरी रिंग टाका.