बाईकचा बेंड पाईप ढिला झालाय? घरीच दुरुस्त करा

गाडी रेस केली की इंजिनच्या तोंडाशी फट फट आवाज येतोय आणि हेडजवळ (इंजिनच्या वरच्या भागाजवळ) काळी काजळी दिसतेय, तर सायलेन्सरचा बेंड पाईप (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) जिथे हेडला बसतो तिथून गॅस लीक होतोय.

आधी गाडी पूर्ण थंड होऊ द्या, पाईप भयंकर तापतो. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना तिथे दोन नट असतात, १० नंबरचा पाना लागतो. गंजले असतील तर डब्ल्यूडी ४० (गंज सोडवणारा स्प्रे) मारून अर्धा तास थांबा, जोर लावू नका प्लीज, कारण स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा रॉड) हेडमध्ये तुटला की मग लेथवाल्याकडेच जायला लागतं आणि ते काम खरंच वैतागाचं आहे.

मागचा सायलेन्सरचा बोल्ट पण ढिला करा, हे बरेच जण विसरतात आणि मग पाईप तिरका बसतो. नट काढून पाईप बाहेर ओढला की आतली जुनी गास्केट रिंग (फट बंद करणारी रिंग) दिसते, ती दाबली गेलेली असते, ती स्क्रू ड्रायव्हरने हळूच काढा, नवीनच टाका, थोडं ग्रीस लावलं की पडत नाही.

आता पाईप परत जागेवर लावून दोन्ही नट हाताने बसवा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एकच नट पूर्ण आवळला तर फ्लँज (पाईपच्या तोंडाची नट बसणारी पट्टी) वाकडा बसून परत लीक. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी.

गाडी मोकळ्या जागेतच चालू करून बघा, बंद पार्किंगमध्ये नको, धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. एक फेरी मारा, थंड झाली की नट परत चेक करा, थोडे ढिले होतातच.