नव्या थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाताना

नागपुरात थेरपी सुरू करायची म्हटलं की पहिली धास्ती असते, ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटेलच. पण धंतोली-रामदासपेठेत हाडांचे, डोळ्यांचे, लहान मुलांचे दवाखाने एकमेकांना खेटून आहेत. जिन्यात शेजारच्या काकू दिसल्या, तर 'डॉक्टरकडे आले होते' एवढं पुरतं. काकू तरी कशाला आल्यात, ते कुठे सांगतात?

आधी फोनवर विचारून घ्या

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, ते औषधं देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं लिहीत नाहीत, चाचण्या आणि थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. समुपदेशकांचं शिक्षण वेगवेगळं असतं, म्हणून पदवी आणि अनुभव विचाराच.

फी किती, सेशन किती वेळाचं (बहुधा ४५ ते ६० मिनिटं), ऐनवेळी रद्द केलं तर पैसे लागतात का, हेही तेव्हाच विचारा. आणि भाषा. आपण नागपूरकर दिवसभर मराठी-हिंदीची भेळ बोलतो, पण घरी चिडल्यावर तोंडातून जी भाषा निघते, ती समजणारा माणूस शोधा.

खाजगी फी झेपत नसेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे गर्दी असते. निवांत तासभर बोलायला मिळेल असं धरून जाऊ नका.

पहिल्या सेशनला काय होतं

निम्मा वेळ प्रश्नांतच जातो. झोप, भूक, घरी कोण कोण, आधीचे आजार, चालू गोळ्या, दारू-तंबाखू. गोळ्यांची नावं आठवत नाहीत, म्हणून पाकिटंच पिशवीत टाका. 'जीव द्यावासा वाटतो का?' हाही प्रश्न येतो. तुमच्या चेहऱ्यावर काही दिसलं म्हणून तो विचारलेला नसतो, सगळ्यांनाच विचारतात. खरं उत्तर द्या.

मग तुमची पाळी. माझा आवडता प्रश्न: "माझ्या आईनं फोन करून विचारलं, तर तुम्ही तिला काय सांगाल?" गोपनीयतेवर दहा मिनिटं ऐकण्यापेक्षा या एका उत्तरातून जास्त कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, किंवा कोर्टाचा आदेश असेल तर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोक्सो कायद्यानुसार कळवावीच लागते.

आधी दुसरीकडे जात असाल तर

पहिल्या थेरपिस्टनं शहर सोडलं, तेव्हा मला सगळ्यात जास्त कंटाळा होता तो पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा. तसं करावं लागत नाही. मी एका कागदावर तीन ओळी नेल्या: काय उपयोगी पडलं, काय खटकलं, कुठे अडकले. नव्या बाईंनी त्यातली दुसरी ओळ धरली आणि अर्धा तास तिथेच गेला. जे आज सांगायचं नाही, त्याला 'ते नंतर' म्हणा. चालतं. मात्र थेरपिस्ट बदलला म्हणून चालू औषधं परस्पर बंद करू नका.

घरी आल्यावर

हलकं वाटेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते. कित्येकदा उलटंच होतं, डोकं जड होतं, उगाच रडू येतं. म्हणून सेशनला लागून ऑफिसची मीटिंग ठेवू नका. पण एक-दोन दिवसांत ओसरण्याऐवजी वाढतच गेलं तर फोन करून कळवा. आणि जीव द्यायचे विचार यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

जमत नसेल तर

तीन-चार सेशन द्या. तरी सूर जुळला नाही तर तसं तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट ते ऐकून घेतो, दुसरं नावही सुचवतो. पण 'लग्न करून टाका, सगळं ठीक होईल' असा सल्ला, जातीधर्मावरून शेरा, नको असलेला स्पर्श किंवा बरं करण्याची गॅरंटी, यातलं काहीही झालं तर पहिल्याच दिवशी उठा.

अजून एक. खरी गोष्ट बहुतेकदा वेळ संपल्यावर, दारात चपला घालताना तोंडातून निघते. माझीही तशीच निघाली, एक पाय चपलेत असताना. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी इथूनच." बर्डीला मेट्रो बदलताना मी ते वाक्य मोबाईलमध्ये लिहून ठेवलं. तुम्हीही लिहा, आणि पुढच्या वेळी बसल्या बसल्या आधी तेच वाचून दाखवा.