अ‍ॅडॅप्टिव्ह सर्फिंग शिकवायला येताय? मग आधी हे वाचा

अ‍ॅडॅप्टिव्ह सर्फिंग म्हणजे बोर्डात आणि पद्धतीत बदल करून अपंग माणसांनी केलेलं लाटांवरचं सर्फिंग. ते शिकवायला येणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसं जास्त दिसतात. काही जण उत्तम सर्फिंग करतात आणि त्यांना मनापासून मदत करायची असते. बाकीचे फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा डिझाइन शिकत असतात. पहिल्या दिवशी मी दोघांनाही एकच काम देते: आज कुणाला काही शिकवू नका, समोरचा माणूस रोजची कामं कशी करतो ते विचारा. शर्टाची बटणं कशी लावतो, बाटलीचं झाकण कसं उघडतो, व्हीलचेअरवरून पलंगावर कसा जातो. बोर्डात काय बदल करायचा, याचं निम्मं उत्तर त्या गप्पांतच मिळतं.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. कृत्रिम पाय लावून मी उभ्यानं सर्फिंग करते आणि बरीच वर्षं शिकवतेही आहे. नवीन येणारे विचारतात, कोणता कोर्स करू, कोणती साधनं घेऊ. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण या कामात टिकायचं असेल, तर एक गोष्ट मनाला पटलेली हवी. इथली जवळजवळ प्रत्येक चांगली युक्ती ज्याची अडचण होती त्यानंच शोधली आहे, नाहीतर त्याच्याजवळ बसून नीट ऐकणाऱ्या माणसानं.

बेथनी हॅमिल्टनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2003 मध्ये हवाईच्या कवाई बेटावर शार्कच्या हल्ल्यात तिचा डावा हात गेला, तेव्हा ती 13 वर्षांची होती. महिना व्हायच्या आत ती पुन्हा पाण्यात उतरली. तिच्या जिद्दीबद्दल खूप बोललं जातं. तुम्ही मात्र तिचा बोर्ड बघा. समोरून येणाऱ्या लाटेच्या खालून पार व्हायचं असेल, तर दोन्ही हातांनी बोर्डाच्या कडा धरून त्याचं नाक पाण्यात दाबावं लागतं. एकाच हातानं एक कड दाबली की बोर्ड कलतो आणि लाट तुम्हाला मागे फेकते. तिच्या वडिलांनी बोर्डाच्या मधोमध एक हँडल बसवलं. जोर मध्यावर आला आणि बोर्ड सरळ खाली जाऊ लागला. गेलेल्या हाताची नक्कल करण्याच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. जोर कुठे लावायचा, ती जागा तेवढी बदलली.

कृत्रिम पायांच्या बाबतीतही तेच झालं आहे. अमेरिकेतल्या व्हॅन फिलिप्स यांनी 1976 मध्ये वॉटर स्कीइंगच्या अपघातात एक पाय गमावला. त्या काळचा कृत्रिम पाय दिसायला पायासारखा होता, पण उसळी देत नव्हता. त्यांनी ते शास्त्रच शिकून घेतलं आणि कार्बन फायबरचा स्प्रिंगसारखा वाकणारा पाय बनवला. धावपटूंच्या पायात आज दिसणारी पाती त्यातूनच पुढे आली. माइक शुल्ट्झ हे स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीच्या शर्यतींतले खेळाडू. 2008 मध्ये शर्यतीतल्या अपघातात त्यांचा पाय गुडघ्याच्या वरून गेला. नेहमीचा कृत्रिम गुडघा चालण्यासाठी बनवलेला असतो, उडी मारून खोल वाकत उतरण्यासाठी नव्हे. शुल्ट्झ यांनी माउंटन बाइकचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर वापरून स्वतःचा गुडघा स्वतः बनवला आणि पुढे तो इतर खेळाडूंनाही पुरवला. 2018 च्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये त्यांना स्नोबोर्डिंगचं सुवर्णपदक मिळालं. डिझाइन शिकणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी बारकाईनं वाचाव्यात. ‘पाय कसा दिसायला हवा’ हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला आणि ‘पायानं काय करायला हवं’ हे विचारलं.

माझ्या पायाचंच सांगते. कृत्रिम पायाची जुळणी चपला-बुटांच्या टाचेची उंची धरून केलेली असते. बूट काढून बोर्डावर उभं राहिलं की तेवढी उंची कमी होते, पायाची नळी मागे झुकते आणि वजन टाचेवर जातं. सर्फिंगमध्ये वजन मागे गेलं की बोर्डाचा वेग मरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हिचा तोल जातोय. खरं तर तोल ठीक असतो, टाचेखाली रबराची छोटी पाचर नसते. एवढी पाचर चिकटवली की काम होतं. खाऱ्या पाण्यानं धातूचे स्क्रू गंजतात, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्यानं धुणं आलं. शिवाय पाय निसटून बुडू नये म्हणून त्यालाही बोर्डासारखी दोरी हवी. हे मला कुठल्याही अभ्यासक्रमात मिळालं नाही. कृत्रिम पाय वापरणाऱ्या दुसऱ्या सर्फरनं वाळूत बसून दाखवलं.

आता एका शिकाऊ मुलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या कामाची खरी पद्धत त्यात दिसते. तिच्या मानेत सी-6 पातळीवर, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्यापाशी, मज्जारज्जूला इजा झालेली. अशा माणसाला खांदे हलवता येतात, कोपर दुमडता येतं, मनगट वर उचलता येतं. पण कोपर जोरानं सरळ करणारा स्नायू चालत नाही आणि बोटांची मूठ वळत नाही. पाठीचे आणि पोटाचे स्नायूही साथ देत नाहीत. बोर्डावर पालथं झोपवलं तर डोकं वर राहत नाही, म्हणजे लाट दिसत नाही आणि श्वासाचीही पंचाईत. यावरचा माहीत असलेला उपाय म्हणजे छातीखाली फोमची पाचर. ती बसवली. मग प्रश्न आला हातांचा. बोर्डावर हँडल होती, पण मूठच वळत नसेल तर हँडल काय कामाची? टीममधल्या एकानं सुचवलं, पट्ट्याचे वेढे करू आणि त्यात हात अडकवू.

ती म्हणाली, “ताई, अडकवायचं काही नको. मी कप कसा उचलते ते बघा.”

तिनं मनगट वर उचललं. मनगट उचललं की सैल बोटं आपोआप आत वळतात. त्या वळणात तिनं कपाचा कान घेतला आणि कोपर अंगाशी दाबून कप तोंडापर्यंत नेला. तिची सगळी ताकद होती ती मनगटाच्या वरच्या बाजूला आणि कोपर आत ओढण्यात. मग आम्ही हँडल काढून टाकली. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना, तिची कोपरं येतात तिथे, फोमचे उथळ खोबणीसारखे कप चिकटवले. बाहेरची भिंत उंच ठेवली, मागची बाजू पूर्ण उघडी. कोपर भिंतीला दाबलं की बोर्ड त्या बाजूला झुके आणि वळे. पहिल्या कपाची भिंत फार सरळ होती, कोपर वर घसरायचं. तिनं सांगितलं, आतल्या बाजूला थोडी तिरकी करा. तिरकी केल्यावर कोपर बसलं.

मागची बाजू उघडी ठेवण्याचं कारण नीट लक्षात घ्या. बोर्ड उलटला तर माणूस विनासायास बोर्डापासून सुटला पाहिजे. पट्ट्याच्या वेढ्यात अडकलेला हात तिला स्वतःला सोडवता आला नसता. म्हणून आमच्याकडे कुठलीही नवी युक्ती लाटेत नेण्याआधी उथळ, शांत पाण्यात बोर्ड मुद्दाम उलटा करून बघतात, तोही शिकणाऱ्याच्या संमतीनं आणि दोन्ही बाजूंना माणसं उभी ठेवून. त्यात अडकणारी कल्पना कितीही हुशार असली तरी बाद.

या रस्त्यावर आधी चाललेली माणसंही आहेत. ऑस्ट्रेलियात गॅरी ब्लॅश्की यांनी मोटरसायकलच्या अपघातानंतर 1986 मध्ये डिसेबल्ड सर्फर्स असोसिएशन सुरू केली. कॅलिफोर्नियाचा जेसी बिलाउर 1996 मध्ये, वयाच्या 17 व्या वर्षी, सर्फिंग करतानाच मानेला इजा होऊन दोन्ही हातापायांनी अपंग झाला. पुढे तो पालथं झोपून पुन्हा लाटांवर गेला आणि त्यानं लाइफ रोल्स ऑन ही संस्था उभारली. नव्या माणसानं एखाद्या संस्थेच्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून उभं राहणं, ही सुरुवात मला सगळ्यात चांगली वाटते.

शिबिरात पाण्यात काम वाटून दिलेलं असतं. एक जण बोर्डाच्या शेपटीपाशी राहून योग्य लाटेत ढकलतो, काही जण वाटेत बाजूला थांबतात, काही जण किनाऱ्याजवळ पकडायला उभे असतात. नवीन माणसाला बहुतेक पकडायचं काम मिळतं, आणि ते दुय्यम मुळीच नाही. पोहता न येणारा किंवा स्वतः पालथ्याचा उताणा होऊ न शकणारा माणूस पडला, तर त्याचं तोंड पाण्याबाहेर काढायला काही सेकंदच हातात असतात. नजर सतत शिकणाऱ्यावर हवी, फोटो काढणाऱ्यावर नको.

अंध सर्फरबरोबर काम करताना पद्धत बदलते. ब्राझीलचा डेरेक राबेलो जन्मापासून अंध आहे आणि तो हवाईच्या पाइपलाइनसारख्या अवघड लाटेवर गेला आहे. ऑस्ट्रेलियाचा मॅट फॉर्मस्टन, ज्याची दृष्टी लहानपणीच जवळजवळ गेली, त्यानं पोर्तुगालच्या नाझारेच्या अजस्र लाटांवर सर्फिंग केलं आहे. लाटेचा आवाज फुटण्याआधी, फुटताना आणि फुटल्यावर वेगवेगळा असतो. पायाखालचा बोर्ड आणि तोंडावरचा वारा बाकीचं सांगतात. तुमचं काम आहे मोजकं बोलणं. कोणते शब्द वापरायचे ते किनाऱ्यावरच ठरवा आणि पाण्यात एकाच माणसानं बोलावं. तिघं एकदम ओरडायला लागले तर त्याला लाट ऐकू येत नाही. बोर्डाच्या मध्यरेषेवर उंचवट्याची पट्टी चिकटवली तर पाय कुठे ठेवायचा ते तळव्याला कळतं. ऐकू न येणाऱ्यांसाठी हाताच्या खुणा हव्यात, आणि त्या त्यांनाच ठरवू द्या.

आता वैद्यकीय बाजू. थेरपी न शिकलेल्यांनी हा भाग पाठच करावा. मज्जारज्जूची इजा असलेल्या माणसाला इजेच्या खाली बऱ्याचदा स्पर्श कळत नाही किंवा नीट कळत नाही. वाळूवर घासटलेला अंगठा, बोर्डाच्या कडेनं दाबलेली बरगडी त्याला कदाचित जाणवणार नाही, आणि अशा जखमा भरायला फार वेळ लागतो. म्हणून पाण्यात जाण्याआधी आणि बाहेर आल्यावर कातडी तपासायची. पायात मऊ बूट हवेतच. शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमताही कमी झालेली असते, त्यामुळे तुम्हाला थंडी वाजत नाही म्हणजे त्यालाही ठीक आहे असं धरू नका. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल, तर रक्तदाब अचानक धोकादायक वाढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. भरलेलं मूत्राशय हे त्याचं नेहमीचं कारण, पण फार घट्ट वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) किंवा कुठेतरी लागलेली जखमही पुरते. लगेच पाण्याबाहेर काढून ताठ बसवा, कपडे सैल करा, कारण शोधा आणि वैद्यकीय मदत बोलवा. मूत्राशय रिकामं केलंय का, हे आधी विचारायला लाजू नका. विचारणारा सरळ असला तर सांगणाराही सरळ सांगतो.

स्पर्धेकडे वळायचं असेल तर वर्गवारी समजून घ्या. आंतरराष्ट्रीय सर्फिंग असोसिएशननं 2015 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे पहिली जागतिक अ‍ॅडॅप्टिव्ह सर्फिंग स्पर्धा घेतली. आता तिला पॅरा सर्फिंग म्हणतात. उभ्यानं, गुडघ्यांवर, बसून वल्ह्यानं, पालथं आणि अंध किंवा अंशतः अंध अशा ढोबळ गटांचे मिळून नऊ वर्ग आहेत. पालथं सर्फिंग करणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत: एकात सर्फर सगळं स्वतः करतो, दुसऱ्यात पाण्यात मदतनीस असतो. हा दुसरा वर्ग असणं मला फार मोलाचं वाटतं. मदत घेऊनही माणूस खेळाडूच असतो आणि लाटेवरचे निर्णय त्याचेच असतात, हे तिथे नियमातच मान्य केलं आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये मात्र पॅरा सर्फिंगला जागा मिळाली नाही. या निर्णयाचं मला वाईट वाटतं. त्याचा परिणाम प्रायोजकांवर होतो आणि तुमच्या करिअरवरही. केवळ यावर पोट भरणारे प्रशिक्षक मी फार थोडे पाहिले आहेत. बहुतेकांचं दुसरं काम असतं: कुणी थेरपिस्ट, कुणी कृत्रिम अवयव बनवणारे, कुणी नेहमीच्या सर्फ स्कूलमध्ये शिकवणारे. त्या दृष्टीनं आधीच बेत करा.

कोर्सबद्दल थोडक्यात: जीवरक्षकाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आधी, सर्फ प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र नंतर, आणि माणसाला उचलून सुरक्षित हलवण्याचा सराव या दोन्हींच्या बरोबरीनं. स्वतःचा सर्फिंगचा पाया कच्चा असेल तर आधी तो पक्का करा, कारण लाट वाचता येत नसेल तर ढकलायची वेळ चुकतेच.

साधनांवर सुरुवातीलाच मोठा खर्च करू नका. मऊ पृष्ठभागाचा लांब-रुंद बोर्ड, पाणी न शोषणारा फोम, धारदार चाकू, चांगला गोंद आणि चिकटपट्टी एवढ्यात बरंच काही होतं. रुंद फुगीर चाकांची किनाऱ्यावरची व्हीलचेअर संस्थेकडे असावी. नवा बदल आधी चिकटपट्टीनं तात्पुरता बसवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पाचर आणि फिन (बोर्डाखालचे छोटे पंख) एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळणार नाही. कृत्रिम लाटांचे तलाव इथे उपयोगी पडतात. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ सुरू झालेल्या ‘द वेव्ह’सारख्या तलावात तीच लाट पुन्हा पुन्हा मिळते, त्यामुळे फरक लाटेचा की बदलाचा, हे स्पष्ट दिसतं.

प्रत्येक शिकणाऱ्याची एक वही ठेवा. पाचरीची उंची, कपाची भिंत किती तिरकी, फिन कोणत्या, लाट केवढी होती, भरती होती की ओहोटी, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. लिहून झालं की त्याला वाचून दाखवा आणि दुरुस्त्या करू द्या. आणि ती वही स्वतःजवळ ठेवू नका, त्यालाच द्या. उद्या तो दुसऱ्या किनाऱ्यावर दुसऱ्या प्रशिक्षकाकडे गेला, तर पाचरीची उंची पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावी लागणार नाही.