परदेशी विद्यार्थी वसतिगृहात येतो तेव्हा : साताऱ्यातील रेक्टरांसाठी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहू आणि जेवू लागली. परदेशी विद्यार्थ्याला सामावून घेण्याची तयारीही मेसपासूनच करावी, असे मला मनापासून वाटते.

तो काय खातो, त्याला काय वर्ज्य आहे आणि त्याचे उपवास कधी असतात, हे प्रवेश निश्चित होताच विचारून घ्यावे. नुसते ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात, व त्यात मांस-अंड्यांबरोबरच दूध, दही आणि तूपही चालत नाही. म्हणजे तुपावर परतलेली आपली साबुदाण्याची खिचडी त्यांच्या उपवासाला बाद ठरते, पण बिनतुपाचा वरणभात, तेलाची आमटी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चालते. मेसच्या मावशींना हे समोर बसून सांगावे, कारण भिंतीवरच्या सूचनेने ते पोहोचत नाही. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्यांचा पहाटेचा डबा रात्रीच भरून ठेवावा.

आपल्या बोलण्यातील गृहीतके आपल्याला दिसत नाहीत, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती उलगडून सांगावीत. निघताना आपण ‘येतो’ म्हणतो, तेव्हा मराठी शिकू लागलेला मुलगा परतीची वाट पाहत बसतो. ‘बघू’ म्हणजे बहुधा नकार, आणि दोन्ही बाजूंना डोलणारी मान म्हणजे होकार, हेही त्याला कुणीतरी सांगायलाच हवे.

अर्जातील आडनावाचा रकाना अडला, तर घाईने काहीही भरू नये. इथिओपियात सहसा आडनाव नसते. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे आणि मग आजोबांचे नाव येते. पासपोर्टवर जसे आहे तसेच सगळीकडे लिहावे.

विद्यार्थी राहायला आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी; व्हिसा १८० दिवसांहून अधिक असल्यास भारतात आल्यापासून १४ दिवसांत त्याला तिथे नोंदणी करावी लागते. त्या वेळी एक मराठी सहाध्यायी सोबत द्यावा.

खोलीत वाद झालाच, तर दोघांना आधी वेगवेगळे ऐकावे आणि ‘तुमच्या देशात असेच असते का?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्या एका वाक्याने मुलगा माणूस न राहता देशाचा प्रतिनिधी होतो. वाद बहुतेक वेळा झोपेच्या वेळेचा किंवा मोठ्या आवाजाचा असतो आणि खोली बदलल्यावर मिटतो.

परीक्षेचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी सणांची यादी परीक्षा विभागाकडे द्यावी. इथिओपियाचा नाताळ ७ जानेवारीला येतो.